न्यूयॉर्क की ह्यूस्टन : आधी सांगा, घरात लायसन्स किती?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

न्यूयॉर्क महाग आणि ह्यूस्टन स्वस्त, हे गणित मुंबईतल्या घराघरांत आता पाठ झाले आहे. मुलाला किंवा सुनेला दोन्हीकडून नोकरीचे पत्र आले, की रात्री जेवणे उरकल्यावर कागद-पेन निघते. पगाराला रुपयांनी गुणायचे, त्यातून भाडे वजा करायचे, टेक्सासात राज्याचा प्राप्तिकर नाही म्हणून तिथे एक बरोबरची खूण करायची, आणि ह्यूस्टनचा निकाल लावून मोकळे व्हायचे. बेरीज-वजाबाकी बरोबर असते. सुटतो तो एकच रकाना : गाड्या किती आणि गाडी चालवणारे किती. मुंबईकराला हा रकाना सुचतच नाही, कारण इथे गाडी नसलेल्या माणसाचे काही अडत नाही. विरारहून चर्चगेटपर्यंत साठ किलोमीटर यायचे असले तरी पास काढला की झाले. न्यूयॉर्कमध्ये हीच सवय कामी येते. ह्यूस्टनमध्ये हीच सवय महागात पडते, आणि बहुतेक वेळा ती नोकरी करणाऱ्याला नाही, घरी बसणाऱ्या जोडीदाराला महागात पडते.

आधी दोन शहरांचा आकार पाहा. २०२०च्या जनगणनेत न्यूयॉर्कची वस्ती ८८ लाख होती, जमीन सुमारे ७८० चौरस किलोमीटर. ह्यूस्टनची वस्ती २३ लाख आणि पसारा न्यूयॉर्कच्या दुपटीहून जास्त, सुमारे १,६५० चौरस किलोमीटर. आपल्या विकास आराखड्यासारखे जमीन-वापराचे झोन ह्यूस्टनमध्ये नाहीत. ते आणण्याचा प्रस्ताव मतदारांनी १९४८, १९६२ आणि १९९३ असा तीनदा फेटाळला. शहर पसरले ते हमरस्त्यांच्या कडेकडेने. आपली माणसे राहतात ती शुगर लँड, केटी अशा उपनगरांत, शाळा चांगल्या म्हणून. केटीहून डाउनटाउन, म्हणजे शहराचा मध्यभाग, पन्नासेक किलोमीटर. त्या वाटेवरचा आय-१० हा रस्ता २००८पर्यंत इतका रुंद केला, की बाजूचे सेवारस्ते धरून काही ठिकाणी २६ पदर होतात. तरी सकाळ-संध्याकाळ तुंबतोच.

ह्यूस्टनमध्ये बस-रेल्वे अजिबात नाही असे मात्र नाही. तिकीट सव्वा डॉलर, त्यात तीन तास गाड्या बदलता येतात, म्हणजे न्यूयॉर्कपेक्षा स्वस्तच. २००४ साली सुरू झालेल्या रेल्वेच्या तीन लाइन आहेत. पैकी लाल लाइन डाउनटाउन, राइस विद्यापीठ आणि टेक्सास मेडिकल सेंटर यांना जोडते. त्या लाइनच्या चालण्याच्या टप्प्यात घर घेऊन मेडिकल सेंटरमध्ये नोकरी किंवा राइसला शिक्षण असेल, तर पहिले वर्ष गाडीविना निभते. उपनगरांतून डाउनटाउनला ‘पार्क अँड राइड’च्या बस जातात, पण त्या मुख्यतः कामाच्या दिवशी आणि कचेरीच्या वेळेला. आणि नावातच सगळे आले : आधी गाडी घेऊन बसतळावर या, ती तिथे लावा, मग बस पकडा.

न्यूयॉर्कची सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, १९०४पासून चालू आहे, स्थानके ४७२, आणि ती रात्रभर बंद होत नाही. जानेवारी २०२६पासून एका फेरीचे ३ डॉलर झाले. मेट्रोकार्ड या जुन्या तिकीट-कार्डाची विक्री थांबली आहे. आता बँकेचे कार्ड, फोन किंवा ओम्नी कार्ड फाटकावर टेकवायचे. सात दिवसांत ३५ डॉलर कापले गेले, की त्या सात दिवसांतल्या उरलेल्या फेऱ्या फुकट. इथे नवखा माणूस एका ठिकाणी फसतो. सकाळी फोन टेकवला, संध्याकाळी कार्ड टेकवले, तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी. फेऱ्या एकत्र मोजल्या जात नाहीत आणि सवलत हुकते. एकच साधन ठरवा आणि तेच वापरा. दुसरी चूक लहान स्थानकांवर होते : अपटाउन (उत्तरेकडे) आणि डाउनटाउन (दक्षिणेकडे) जाणाऱ्या गाड्यांची दारे रस्त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळी असतात आणि आतून पलीकडे जायला पूल नसतो. चुकीच्या बाजूने शिरलात तर बाहेर येऊन पुन्हा ३ डॉलर. बाकी स्लो-फास्टचे प्रकरण मुंबईकराला शिकवावे लागत नाही. तिथे लोकल आणि एक्स्प्रेस म्हणतात, आणि शनिवार-रविवारी तिथलाही ‘ब्लॉक’ पाचवीला पुजलेला असतो.

आता कागदावरचे आकडे. न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्याला केंद्राच्या करावर राज्याचा कर, आणि त्यावर शहराचा वेगळा, ३.०७८ ते ३.८७६ टक्के. वर्षाला एक लाख डॉलर पगाराच्या एकट्या माणसाला, खास वजावटी नसतील तर, राज्याचे साधारण ४,९०० आणि शहराचे ३,४०० असे मिळून ८,३००च्या आसपास जातात. टेक्सासात हे दोन्ही शून्य. इथपर्यंत घरचा हिशेब बरोबर. पण अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०२४ साठी काढलेला आकडा असा : नवी गाडी वर्षाला १५,००० मैल चालवायची तर घसारा, विमा, पेट्रोल, व्याज, दुरुस्ती धरून १२,२९७ डॉलर. म्हणजे कराचे वाचलेले पैसे एकाच गाडीने खाल्ले, वर चार हजार मागितले. जुनी गाडी घेतली तर हा आकडा बराच खाली येतो, पण दोघांना दोन गाड्या लागल्या की पुन्हा वर. न्यूयॉर्कमध्ये दोघांनी वर्षभर दर आठवड्याला ३५ डॉलरची मर्यादा गाठली, तरी ३,६४० डॉलर होतात.

एक मधला मार्ग आहे. हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीत, जर्सी सिटीत राहायचे आणि ‘पाथ’ रेल्वेने मॅनहॅटनला कामाला जायचे. शहराचा कर रहिवाशालाच लागतो, तेव्हा ते ३,४०० डॉलर वाचतात. राज्याचा कर न्यूयॉर्कला भरावा लागतो. त्याची वजावट न्यू जर्सीच्या विवरणपत्रात मिळते. जर्नल स्क्वेअर स्थानकातून बाहेर पडून न्यूअर्क अव्हेन्यूवर आलात, की कढीपत्त्यापासून ज्वारीच्या पिठापर्यंत सगळे पायी फिरून मिळते. न्यू जर्सीतलेच एडिसनही देशी वस्तीचे, पण तिथे उपनगरी गाडीचा पास महाग आणि स्थानकापासून घर लांब असले तर पुन्हा मोटार आलीच. पाहुण्यांच्या सांगण्यावरून एडिसन धरणाऱ्यांनी आधी नकाशा उघडून स्थानकापासून घरापर्यंतचे अंतर मोजावे.

भाड्यात ह्यूस्टन स्वस्त, यात वाद नाही. एका बेडरूमला १,२०० ते १,५०० डॉलर, आणि त्यात बहुधा पोहण्याचा तलाव असतो, ज्यात कोणी उतरत नाही. मॅनहॅटनमध्ये तेवढ्याच घराला ४,०००च्या पुढे. पण मुंबईतून नव्याने जाणारा मॅनहॅटनमध्ये एकटा घर घेतच नाही. न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात तिघांत मिळून घर घेतले की माणशी भाडे ह्यूस्टनच्या जवळ येते. ह्यूस्टनमधल्या गाडीचा खर्च धरला तर एकट्या माणसाला न्यूयॉर्क परवडते ते इथे. चौकोनी कुटुंबाला दोन बेडरूम स्वतंत्र हव्या असतील, तर दोन गाड्यांसकट ह्यूस्टनच स्वस्त पडेल. ही गोष्ट न्यूयॉर्कचे चाहते लपवतात.

भाडेकराराचे कागद दोन्हीकडे वेगळे. न्यूयॉर्कमध्ये घरमालक पाहतो, की वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट आहे का. नसेल तर हमीदार लागतो, आणि त्याचा पगार ऐंशीपट हवा, तोही अमेरिकेतला. मुंबईतल्या वडिलांची मुदतठेव इथे चालत नाही. हमी देणाऱ्या कंपन्या असतात, त्या फी घेऊन हमीदार होतात. पण २०१९च्या कायद्याने अनामत एका महिन्याच्या भाड्यापुरतीच घेता येते, आणि घर सोडल्यावर चौदा दिवसांत हिशेबासह परत द्यावी लागते. जून २०२५पासून दलालाची फी ज्याने दलाल नेमला त्याने भरायची. म्हणजे मालकाच्या दलालाने जाहिरात केलेल्या घरासाठी भाडेकरूकडे दलाली मागता येत नाही. अजूनही वेगळ्या नावाने मागतात. देऊ नये.

ह्यूस्टनमध्ये महिन्याचा पगार भाड्याच्या तिप्पट असला की पुरते. अनामतीवर कायद्याची मर्यादा नाही, पण ‘पहिला महिना फुकट’च्या पाट्या जागोजाग लागलेल्या असतात. खरी मेख करार मोडताना कळते. मुदतीआधी निघालात तर छापील करारात ‘रीलेटिंग चार्ज’ (घर पुन्हा भाड्याने देण्याचा आकार) असतो, बहुधा एका महिन्याच्या भाड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत, आणि तो भरला म्हणजे सुटलात असे नाही. नवा भाडेकरू येईपर्यंतचे भाडेही मागता येते. जाण्याची नोटीस बऱ्याच करारांत साठ दिवसांची असते, ती लेखीच लागते. अनामत परत हवी तर नवा पत्ता लेखी द्यावा लागतो. तो दिला नाही तर तीस दिवसांत अनामत परत करण्याचे बंधन मालकाला लागू होत नाही. पुष्कळांची अनामत या एका ओळीच्या पत्रावाचून अडकते.

विजेचे प्रकरण तर खास ह्यूस्टनचे. वाहिन्या एका कंपनीच्या, पण वीज विकणारे अनेक. राज्याच्या ‘पॉवर टु चूज’ या संकेतस्थळावर दर लावलेले असतात, आणि स्वस्तातला स्वस्त दर वर दिसतो. तो दर बहुतेक वेळा नेमक्या १,००० युनिटांसाठीचा असतो. योजनेत अशी अट असते, की वापर १,०००ला पोचला तर बिलात मोठी सूट. ९९० युनिट वापरले की सूट गेली आणि युनिटचा सरासरी दर एकदम चढला. एका बेडरूमच्या घरात थंडीच्या महिन्यांत एवढी वीज लागत नाही, म्हणजे वर्षातले निम्मे महिने फटका. प्रत्येक योजनेला ‘इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबल’ नावाचा एक पानी कागद जोडलेला असतो. त्यावर ५००, १,००० आणि २,००० युनिटांचे तीन दर शेजारी-शेजारी छापतात. तिन्ही जवळपास सारखे असतील ती योजना सरळ. मधला एकटाच खाली असेल तर पुढे जावे. योजना मध्येच सोडायला दंड असतो, मात्र घर बदलल्याचा पुरावा दिला तर तो लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये घर गरम ठेवण्याचा खर्च सहसा भाड्यातच धरलेला असतो. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेर तापमान १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेले तर दिवसा घरात किमान २० अंश ठेवणे मालकाला बंधनकारक आहे, आणि रात्री बाहेर कितीही असो, किमान १७ अंशांच्या आसपास. न ठेवल्यास शहराच्या ३११ या तक्रार क्रमांकावर फोन करायचा. फोन करण्याआधी थर्मामीटरचे तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवावेत.

पाण्याबद्दल मुंबईकराला शिकवायची गरज नाही असे वाटते, पण आहे. २००५च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. ऑगस्ट २०१७मध्ये हार्वी वादळाने ह्यूस्टनच्या परिसरात चार-पाच दिवसांत साधारण मीटरभर पाऊस ओतला. शहराच्या पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर ही दोन पूरधरणे आहेत. एरवी कोरडी. त्यांच्या बुडीत क्षेत्रात घरे उभी राहिली होती, आणि धरणे भरल्यावर ती पाण्याखाली गेली. घेणाऱ्यांपैकी अनेकांना आपण धरणाच्या पोटात राहतो हे ठाऊक नव्हते. म्हणून केटीच्या बाजूला घर पाहताना या दोन नावांचा नकाशा आधी पाहावा. घराच्या साध्या विम्यात पूर येत नाही, भाडेकरूच्या विम्यातही नाही. केंद्राच्या योजनेतून पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. इमारतीला कमाल २,५०,००० आणि सामानाला १,००,००० डॉलर. आणि घेतल्यावर सहसा तीस दिवसांनीच तो लागू होतो, तेव्हा वादळ मेक्सिकोच्या आखातात दिसल्यावर एजंटला फोन करून उपयोग नाही. २०२२पासून टेक्सासात घरमालकाला, घर पूररेषेत आहे का आणि गेल्या पाच वर्षांत बुडाले होते का, हे वेगळ्या कागदावर लिहून द्यावे लागते. तो कागद मागून घ्यावा.

न्यूयॉर्कमध्ये पाण्याचा धोका तळघरात. १ सप्टेंबर २०२१च्या रात्री आयडा वादळाच्या पावसात सेंट्रल पार्कला एका तासात तीन इंचांहून जास्त पाऊस झाला आणि शहरात तेरा माणसे गेली. त्यांतली अकरा तळघरांतल्या घरांत होती, बहुतेक क्वीन्समध्ये. ‘बेसमेंट, सेपरेट एंट्रन्स, फक्त ९०० डॉलर’ अशी जाहिरात विद्यार्थ्यांना फार भुलवते. खोलीला बाहेर निघता येईल एवढी खिडकी नसेल, किंवा बाहेर पडायला एकच जिना असेल, तर भाडे कितीही कमी असो, ती घेऊ नये. ही घरे बहुधा बेकायदा असतात, त्यामुळे पालिकेने रिकामी करायला लावली तर राहणारा रस्त्यावर येतो.

वीज जाण्यात ह्यूस्टनचा हात धरणारे कोणी नाही. टेक्सासची वीजजाळी उरलेल्या देशाशी जवळपास जोडलेलीच नाही. फेब्रुवारी २०२१च्या गारठ्यात लाखो घरे दिवसेंदिवस अंधारात होती, आणि थंडीसाठी न बांधलेल्या घरांतले पाण्याचे पाइप गोठून फुटले. जुलै २०२४मध्ये बेरिल वादळात बावीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, ती भर उन्हाळ्यात. तिथे पंखा छताला टांगलेला असतो, पण घर बांधलेले असते एसीच्या भरवशावर. खिडकी उघडून वारा येत नाही. गारठ्याची सूचना आली तर नळ थेंब थेंब चालू ठेवणे आणि घराचा मुख्य कॉक कुठे आहे ते पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवणे, एवढे तरी करावे.

आता गाडी. टेक्सासात राहायला गेलेल्याला भारतीय लायसन्सवर नव्वद दिवस चालवता येते, पुढे तिथले लायसन्स लागते. भारतीय लायसन्स दाखवून ते बदलून मिळत नाही, लेखी आणि गाडीची परीक्षा दोन्ही द्याव्या लागतात. अठरा ते चोवीस वयाच्यांना सहा तासांचा वर्ग सक्तीचा. गाडीच्या परीक्षेला गाडी स्वतःची न्यायची, विम्याच्या कागदासह, आणि समांतर पार्किंग करून दाखवायचे. सरकारी कार्यालयात तारीख लांबची मिळते; परवानाधारक ड्रायव्हिंग स्कूल फी घेऊन हीच परीक्षा घेतात, ते बरे पडते. व्हिसावर असलेल्यांना लायसन्स व्हिसाच्या कागदांच्या मुदतीपुरतेच मिळते, तेव्हा मुदतवाढीचे पत्र आले की लायसन्सचीही आठवण ठेवावी. लाल दिव्याला पूर्ण थांबून उजवीकडे वळायला ह्यूस्टनमध्ये मुभा आहे, न्यूयॉर्क शहरात पाटी नसेल तर मनाई. पिवळ्या स्कूलबसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर समोरून येणाऱ्यानेही थांबायचे. आपल्या सवयीने हळूच पुढे काढली तर दंड जबर.

गाडीचा विमा घेताना नवखा ‘लायेबिलिटी’वर, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्यावर, थांबतो, कारण कायद्याने तेवढाच सक्तीचा : एका जखमीमागे ३०,०००, एका अपघातामागे ६०,०००, मालमत्तेला २५,००० डॉलर. त्यात स्वतःच्या गाडीला छदाम मिळत नाही, आणि समोरची गाडी महागडी असेल तर २५,००० अपुरे. पूर, गारा, चोरी यांसाठी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ लागतो. ह्यूस्टनमध्ये हा विमा नसलेली गाडी म्हणजे पावसाळ्यात तळमजल्यावर ठेवलेला पिठाचा डबा.

जुनी गाडी घेताना पुरात बुडालेली गाडी ओळखता आली पाहिजे, कारण प्रत्येक मोठ्या पुरानंतर अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. आधी मालकीचा कागद पाहावा. त्यावर ‘सॅल्व्हेज’ (मोडीत काढलेली) किंवा ‘रिबिल्ट’ (मोडीतून दुरुस्त केलेली) असेल तर विषय संपला. पण गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवून हा शिक्का घालवतात, म्हणून गाडीचा सतरा आकडी-अक्षरी ओळख क्रमांक (व्हिन नंबर) नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरोच्या संकेतस्थळावर फुकट तपासावा. मग हाताने तपासायचे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पट्ट्याचा आत गुंडाळलेला भाग कोणी धुवत नाही, तिथे चिखलाची आडवी रेघ राहते. डिकीतले स्टेपनीचे चाक उचलून खालच्या खळग्यात गाळ आहे का पाहा. पुढच्या सीटच्या खाली बोट घालून सीट ज्यावर सरकते त्या पट्ट्यांचे स्क्रू चाचपा. तीन वर्षांच्या गाडीत तिथे गंज असायचे कारण नाही. हेडलाइटच्या आत वाफ किंवा पाण्याची रेषा, गालिचा नवाकोरा आणि बाकी गाडी जुनी, आत सुगंधी फवाऱ्याचा भडिमार, ही सगळी वाईट लक्षणे. शेवटी विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी. त्याला शंभर-दोनशे डॉलर जातात, पण पाण्यात भिजलेली वायरिंग दीड वर्षाने एकेक करून दगा देते, तेव्हा हजारांत जातात.

आजारपणात दोन्हीकडे विमा कंपनीच्या जाळ्यातला डॉक्टर शोधणे आले. ह्यूस्टनमध्ये एक वेगळा सापळा आहे : बाजाराच्या चौकात ‘इमर्जन्सी रूम’ अशी पाटी लावलेले छोटे दवाखाने. दिसायला ते ‘अर्जंट केअर’सारखेच, बिल मात्र मोठ्या रुग्णालयाच्या तातडी विभागाचे. ताप, खोकला, मुरगळलेला पाय यांसाठी ‘अर्जंट केअर’ हेच शब्द पाटीवर वाचून आत शिरावे.

शाळेचे थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये ज्या वर्षात मूल पाचचे होते त्या वर्षीच्या सप्टेंबरात ते बालवर्गात जाते, डिसेंबरचा वाढदिवस असला तरी. टेक्सासात १ सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण लागतात. ऑक्टोबरात जन्मलेल्या मुलाचे या फरकाने एक वर्ष पुढे-मागे होते, आणि त्या वर्षाचे पाळणाघराचे पैसे घरातून जातात. घर विकत घेणाऱ्यांनी टेक्सासचा मालमत्ता कर पाहावा : पुष्कळ ठिकाणी किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास, आणि नव्या वसाहतीत पाणी-मलनिस्सारणाच्या ‘मड’ जिल्ह्याचा कर वेगळा. चार लाखांच्या घराला वर्षाला आठ हजार, म्हणजे न्यूयॉर्कचा तो वाचवलेला प्राप्तिकर इथे मागच्या दाराने आला. राहत्या घराची सवलत मिळते, पण तिचा अर्ज ३० एप्रिलच्या आत करावा लागतो आणि लायसन्सवर त्याच घराचा पत्ता लागतो. म्हणजे इथेही पुन्हा लायसन्सच.

आणि आता तो सुटलेला रकाना. एच-४ व्हिसावर गेलेल्या जोडीदाराला, नोकरदाराचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्याला पोचेपर्यंत, काम करता येत नाही. क्वीन्समध्ये राहणारी अशी सून सकाळी उतरून सात नंबरच्या गाडीने जॅक्सन हाइट्सला जाते, भाजी आणते, ग्रंथालयातल्या फुकट इंग्रजी वर्गाला बसते, कोणाला विचारावे लागत नाही. केटीत तीच सून, शिकलेली, मुंबईत लोकलला लोंबकळून नोकरी केलेली, नवरा गाडी घेऊन गेला की संध्याकाळी सहापर्यंत चार भिंतींत असते. दूध संपले तरी वाट पाहायची. आई-वडील सहा महिन्यांसाठी गेले तर त्यांचेही तेच. न्यूयॉर्कच्या ४७२ स्थानकांपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याला लिफ्ट आहे, गुडघे दुखणाऱ्यांना ते त्रासाचे, पण बस खाली वाकते आणि पासष्टीनंतर निम्मे भाडे. आई-वडिलांना न्यूयॉर्कला मे ते ऑक्टोबर बोलवावे, ह्यूस्टनला नोव्हेंबर ते मार्च. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये संध्याकाळी सातलाही फेरी मारायला बाहेर पडवत नाही.

माझे म्हणणे ह्यूस्टनला जाऊ नये असे नाही. मुले असलेल्या, घर घ्यायला निघालेल्या, दोघेही गाडी चालवणाऱ्या कुटुंबाला तिथे ऐसपैस राहता येते, हिलक्रॉफ्टला किराणा मिळतो, पेअरलंडला मीनाक्षीचे देऊळ आहे, आणि महाराष्ट्र मंडळ तर दोन्हीकडे आहे. पण ह्यूस्टनचे पत्र स्वीकारायचे असेल तर दोघांचीही तयारी इथूनच व्हावी. ज्याला नोकरी लागली आहे त्याच्याआधी, ज्याला लागलेली नाही त्याला मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये घालावे. आपल्याकडच्या शाळा परीक्षेपुरते शिकवतात. लायसन्स मिळाल्यावर भाड्याच्या गाडीने पूर्व द्रुतगती मार्गावर दोन-तीन रविवार सकाळी लवकर, लेन न सोडता, आरसे पाहत चालवून घ्यावे. आंतरराष्ट्रीय परवाना ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, ज्या आरटीओच्या हद्दीत पत्ता आहे तिथून काढावा : फॉर्म ४-ए, लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, हजार रुपये फी. मुदत एका वर्षाची असते आणि ती परवाना काढल्या तारखेपासून मोजतात, म्हणून तिकीट हातात आल्यावरच अर्ज करावा.

आपला,
परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रे पाहणारा एक वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई